पोस्टाने लवकर, पोर्टलने उशिरा

मे 2020. जपानमधल्या एका नगरपालिकेचं कार्यालय. दोन कर्मचारी समोरासमोर बसलेत. एकाच्या हातात प्रिंटआउटचा गठ्ठा, दुसऱ्यापुढे पडद्यावर निवासी नोंदवही. पहिला मोठ्याने वाचतो: नाव, जन्मतारीख, पत्ता, बायकोचं नाव, मुलाचं नाव, बँकेचा खाते क्रमांक. दुसरा पडद्यावर बोट फिरवत ‘हं, हं’ करतो. जुळलं की टिक, नाही जुळलं तर कागद बाजूच्या ट्रेमध्ये. आपल्याकडे दुकानातला मुनीम आणि त्याचा मदतनीस वर्षअखेरीला खतावणीचा मेळ घालायचे, तसाच हा प्रकार. गंमत अशी की हातातला तो गठ्ठा कोरोनाच्या सरकारी भत्त्यासाठी ऑनलाइन आलेल्या अर्जांचा होता. नागरिकांनी मोबाइलवर कार्ड टेकवून, डिजिटल सही करून पाठवलेले अर्ज आधी छापायचे आणि मग दोघांनी मिळून वाचायचे, असं काम देशभरातल्या कितीतरी कार्यालयांत चाललं होतं.

शेवटी अनेक पालिकांनी हात टेकले. शिकोकू बेटावरच्या ताकामात्सु शहराने 24 मे रोजी ऑनलाइन अर्ज घेणं बंद केलं आणि नागरिकांना सांगितलं, कृपया पोस्टाने पाठवा, पैसे लवकर मिळतील. इतर अनेक शहरांनी तोच रस्ता धरला.

डिजिटल बाबतीत कोणता देश पुढे, कोणता मागे, याच्या याद्या दरवर्षी निघतात. त्या वाचताना मला हे प्रकरण हटकून आठवतं. एरवी देशादेशांची तुलना करायची तर अडचण अशी की प्रत्येकाचं काम वेगळं, गरज वेगळी. 2020च्या वसंतात मात्र बऱ्याच सरकारांपुढे जवळपास एकच पेपर आला: लोक घरात बसलेत, त्यांच्या हातात पैसे पोचवा, आणि पटकन पोचवा. अशी संधी तुलना करणाऱ्याला पुन्हापुन्हा मिळत नाही.

जपानचा पेपर असा होता. शिंझो आबे यांच्या सरकारने आधी ठरवलं होतं की ज्यांचं उत्पन्न घटलं त्या कुटुंबांनाच 3 लाख येन द्यायचे. एप्रिलच्या मध्यावर ते गुंडाळलं आणि सरसकट प्रत्येक रहिवाशाला 1 लाख येन द्यायचं ठरलं. तेव्हाच्या दराने सत्तर हजार रुपयांच्या आसपास. 27 एप्रिल 2020 रोजी निवासी नोंदवहीत नाव असलेला प्रत्येकजण पात्र, तान्हं मूलही आणि परदेशी रहिवासीही. एकूण तरतूद सुमारे 12.88 लाख कोटी येन. त्यातले 14,500 कोटी येनहून अधिक नुसत्या कार्यालयीन कामासाठी. म्हणजे पैसे वाटायलाच किती पैसे लागणार, याचा अंदाज सरकारला आधीच होता.

उत्पन्न तपासायचं नाही, जात-दाखला नाही, सातबारा नाही. कोण राहतं आणि त्याचं खातं कुठलं, एवढंच कळायला हवं होतं. यातलं पहिलं पालिकेला माहीत होतं. दुसरं बँकांना माहीत होतं. या दोघांमधली दोरी मात्र कुठेच नव्हती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

अर्जाचे दोन मार्ग होते. पोस्टाच्या मार्गात पालिका तुम्हाला अर्ज पाठवायची, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आधीच छापलेली. कुटुंबप्रमुखाने खाते क्रमांक लिहायचा, ओळखपत्राची आणि पासबुकाची झेरॉक्स डकवायची, सही किंवा शिक्का मारून परत पाठवायचा. नावं पालिकेनेच छापलेली असल्यामुळे चूक व्हायला जागा थोडी.

दुसरा मार्ग ‘मायनापोर्टल’ या सरकारी संकेतस्थळाचा, 1 मेपासून. त्यासाठी ‘माय नंबर’ कार्ड हवं. आपल्या आधारसारखा हा 12 अंकी क्रमांक 2015च्या शेवटी सगळ्यांना कळवला गेला आणि कार्डं जानेवारी 2016पासून मिळू लागली, पण 2020च्या मेमध्ये कार्ड होतं जेमतेम 16 टक्के लोकांकडे. कार्ड असलं तरी ते वाचू शकणारा मोबाइल हवा, आणि डिजिटल सहीसाठी 6 ते 16 अक्षरांचा पासवर्ड आठवायला हवा. चार वर्षांपूर्वी कधीतरी काउंटरवर उभ्याउभ्या ठेवलेला पासवर्ड कुणाला आठवणार? पाच वेळा चुकला की कार्डाला कुलूप. ते उघडायचं तर जातीने पालिकेत जायचं. त्यात पाच वर्षं मुदतीची डिजिटल प्रमाणपत्रं नेमकी त्याच वर्षी संपू लागली होती, त्यांचीही रांग. गर्दी टाळण्यासाठी काढलेल्या ऑनलाइन योजनेमुळे पालिकांमध्ये साथीच्या ऐन दिवसांत तासन्‌तास रांगा लागल्या, आणि या कार्डांची देशभराची यंत्रणा सांभाळणारे सर्व्हर दमून बसले.

हे सगळं पार करून जो पुढे गेला, त्याच्यापुढे कोरा अर्ज यायचा. घरच्यांची नावं त्याने स्वतः टाइप करायची. पोर्टल निवासी नोंदवहीला जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे चूक झाली तर पोर्टल टोकायचं नाही. पत्ता कुणी लांबलचक लिही, कुणी तीन आकड्यांत दोन आडव्या रेघा मारून. एकाच माणसाने दोनदा, तीनदा अर्ज केला तरी तो घेतला जायचा. म्हणून मग प्रिंटआउट आणि म्हणून मग ती वाचणारी दुक्कल.

कार्डावर 12 अंकी क्रमांक असताना तोच वापरून मेळ का नाही घातला, असा प्रश्न इथे कुणीही विचारील. उत्तर कायद्यात होतं. 2013च्या कायद्याने हा क्रमांक सामाजिक सुरक्षा, कर आणि आपत्ती-निवारण या ठरावीक कामांपुरता बांधून ठेवला होता. हा भत्ता त्या यादीत बसत नव्हता. थोडक्यात, कार्ड चालत होतं पण त्यावरचा क्रमांक चालत नव्हता. पंगतीत पान मांडलं आणि वाढप्याला वाढायची बंदी, तशातली गत.

नावांची कथा आणखी रंगतदार. जपानी माणसाचं नाव चित्रलिपीत लिहिलं जातं आणि एकाच चिन्हाचे उच्चार अनेक. एकाच अक्षराचं नाव कुणी ‘हिरोशी’ वाचतं, कुणी ‘युताका’. कुटुंब-नोंदणीत फक्त चिन्हं लिहिलेली असत. उच्चार कायद्याने कुठेच नोंदलेला नव्हता. बँका मात्र खातेदाराचं नाव काताकाना या उच्चारानुसारी लिपीत ठेवतात. म्हणजे सरकारकडे नावाचं चित्र आणि बँकेकडे नावाचा आवाज. संगणकाने या दोघांची सांगड घालायची कशी?

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशी-कासाई भागात बरीच भारतीय वस्ती आहे, त्यात मराठी घरंही आहेत. याच वॉर्डाच्या सभागृहावर 2019 साली योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. तिथल्या एखाद्या कुलकर्ण्यांची कल्पना करा. निवासी नोंदवहीत नाव रोमन अक्षरांत, पासपोर्टप्रमाणे, बहुधा वडिलांच्या नावासकट. बँकेत काताकानामध्ये, आणि त्या लिपीत ‘ल’ नाही, जोडाक्षरही नाही, त्यामुळे कुलकर्ण्यांचा झालेला असतो ‘कुरुकारुनी’. देशपांड्यांचा ‘देशुपांदे’. हे दोघे एकच, हे माणसाला पाहताक्षणी कळतं. यंत्राला ते कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं.

याच गोंधळात एका शहराने केलेली गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. ह्योगो प्रांतातलं काकोगावा, वस्ती अडीच लाखांच्या वर. तिथल्या पालिकेने पाहिलं की पोस्टाने जाणाऱ्या अर्जावर घरच्यांची नावं आधीच असतात, तीच त्याची ताकद. मग त्यांनी त्या कागदावर प्रत्येक कुटुंबासाठी एक वेगळा क्रमांक छापला. नागरिकाने तो क्रमांक शहराच्या साध्या वेब-अर्जात टाकायचा, खात्याचा तपशील भरायचा, ओळखपत्राचा आणि पासबुकाचा फोटो जोडायचा. माय नंबर कार्ड नको, पासवर्ड नको. क्रमांक पालिकेनेच दिलेला असल्यामुळे कुटुंब कोणतं, हे लगेच कळायचं. मेळ घालायचा प्रश्नच उरत नाही. ही पद्धत पालिकेतच तयार झाली, बाजारात मिळणारं तयार अर्ज-सॉफ्टवेअर वापरून. टोकियोतल्या केंद्र सरकारच्या पोर्टलने जे जमवलं नाही ते एका कागदावरच्या आकड्याने जमवलं. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात हुशार ‘डिजिटल’ काम हेच, आणि त्याचा अर्धा भाग पोस्टमनने केला.

आता कुणी म्हणेल, जपान मुळात मागासच असेल. तसं अजिबात नाही. मोबाइलवर इंटरनेट लोकांच्या रोजच्या हाताशी आणणारी ‘आय-मोड’ सेवा तिथे 1999ची. स्टेशनच्या फाटकावर टेकवायचं ‘सुइका’ कार्ड 2001चं, आणि मोबाइलमध्येच पाकीट 2004पासून. जानेवारी 2001मध्ये सरकारने ‘ई-जपान’ धोरण जाहीर करून पाच वर्षांत जगातलं सर्वांत प्रगत माहिती-तंत्रज्ञान राष्ट्र व्हायचं ठरवलं होतं. यंत्रं होती, पैसा होता, जाळं घराघरात होतं.

नव्हता तो विश्वास. 2002मध्ये निवासी नोंदवह्या एका जाळ्यात जोडायचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा लोकांनी सरकारवर खासगीपणाचे खटले भरले. काही पालिकांनी जोडून घ्यायलाच नकार दिला. फुकुशिमा प्रांतातलं यामात्सुरी हे गाव तर 2015पर्यंत बाहेर राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये हे जाळं घटनेला धरून आहे असा निकाल दिला, तोवर उत्साह मावळला होता. 2007मध्ये उघड झालं की पेन्शनच्या सुमारे 5 कोटी नोंदी कोणाच्या आहेत हेच कळत नाही. त्या धक्क्यातून माय नंबर जन्मला, पण जुन्या भीतीने त्याच्या हातापायांत कायद्याच्या बेड्या घालूनच. शिवाय 1,741 पालिका आणि वॉर्ड, प्रत्येकाची आपापली संगणक-व्यवस्था, आपापला ठेकेदार. आणि एक जरा बोचरी गोष्ट: 2018मध्ये सायबर-सुरक्षेचे मंत्री योशिताका साकुरादा यांनी संसदेत सांगितलं होतं की आपण स्वतः कधी संगणक वापरलेला नाही. त्यांना हसून सोडून देता येईल. पण कामं हाताखालच्या माणसांकडून होतात, साहेबाने फक्त शिक्का मारायचा, ही रीत आपल्याही ओळखीची आहे.

शेजारच्या दक्षिण कोरियाने तोच पेपर कसा सोडवला? चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला 10 लाख वोन, एकट्याला 4 लाख. 11 मेपासून लोकांनी आपापल्या क्रेडिट किंवा डेबिट कार्ड कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज केला आणि दोनेक दिवसांत रक्कम कार्डावर जमा झाली. 31 ऑगस्टपर्यंत आपल्याच भागातल्या दुकानांत खर्च करायची. घरात माणसं किती, हे लिहायची गरज नव्हती. सरकारला ते ठाऊक होतं. तिथे निवासी क्रमांक 1968पासून आहे, सुरुवातीचं कारण उत्तर कोरियाच्या हेरांची भीती. 1999पासून कार्डाने केलेल्या खर्चावर करसवलत मिळू लागली आणि कार्ड घरोघरी गेलं. म्हणजे दोरी आधीच वळलेली होती, 2020मध्ये ती फक्त ओढली. फजिती तिथेही झाली, पण वेगळ्या जातीची: अर्जाच्या पानावरच रक्कम सरकारला दान करायचा पर्याय होता, आणि घाईत बटणं दाबणाऱ्या कितीतरी लोकांनी चुकून सगळं दान करून टाकलं. मग ते मागे घ्यायची सोय करावी लागली.

कोरियाने या सोयीची किंमतही मोजलीय. 2014मध्ये उघड झालं की पतमाहिती कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने तीन कार्ड-कंपन्यांमधून सुमारे 2 कोटी ग्राहकांची माहिती बाहेर काढली होती, निवासी क्रमांकांसकट. जपानी माणूस ज्याला घाबरत होता ते शेजारी घडून गेलं होतं. त्यामुळे जपान निव्वळ हट्टी आणि कोरिया निव्वळ शहाणा, असा निकाल मला देववत नाही.

अमेरिकेचं एका वाक्यात सांगतो: पैसे भराभर निघाले, पण त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे 11 लाख मृत व्यक्तींच्या नावेही गेले.

आणि भारत. एप्रिल 2020मध्ये जनधन खातं असलेल्या सुमारे 20 कोटी महिलांच्या खात्यात महिना 500 रुपये, तीन महिने. अर्ज नाही, पोर्टल नाही. रक्कम तुटपुंजी, हे खरंच. जपानच्या सत्तर हजारांशी तिची तुलनाच नाही. पण खाती तयार होती आणि केंद्राकडे त्यांची यादी होती, त्यामुळे पैसे खात्यात पडायला वेळ लागला नाही. पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं होतं. दहा वर्षांत यादी आणि खातं यांच्यात दोरी वळली गेली. आपलं घोडं अडलं पुढे. खात्यात पडलेले पैसे हातात यायला बाईला बँकेच्या दारात किंवा बँकमित्राकडे जावं लागलं. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वार ठरवून दिले होते, तरी रणरणत्या उन्हात रांगा लागल्याच. आणि जिचं जनधन खातं नव्हतं तिची गरज कितीही असो, ती यादीत नव्हती.

आता याद्यांकडे वळू. संयुक्त राष्ट्रांचा ई-शासन निर्देशांक जुलै 2020मध्ये आला, म्हणजे जपानी पालिकांत वाचनाचा कार्यक्रम चालू असतानाच. 193 देशांत डेन्मार्क पहिला, दक्षिण कोरिया दुसरा, एस्टोनिया तिसरा, अमेरिका नववी, जपान 14वा. भारत 100वा. जपान 14वा कसा, हे कळायला निर्देशांकाचं पोट उघडून पाहावं लागतं. त्यात सारख्या वजनाचे तीन भाग: ऑनलाइन सेवा, दूरसंचाराचं जाळं आणि मानवी भांडवल, म्हणजे साक्षरता आणि शिक्षणाची वर्षं. दुसऱ्या-तिसऱ्या भागात जपानला कोण हरवणार? पहिल्या भागासाठी स्वयंसेवक अभ्यासक प्रत्येक देशाची सरकारी संकेतस्थळं उघडून प्रश्नावली भरतात: अमुक सेवेसाठी अर्ज ऑनलाइन करता येतो का? जपानात येत होता. पोर्टल होतं, डिजिटल सही होती. ‘पाठवा’ बटण दाबल्यावर पलीकडे प्रिंटर सुरू होतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला दिसायचं कसं?

भारताचं उलटं. जाळं आणि शिक्षण यांत गुण कमी, म्हणून 100वा; आणि खात्यात पैसे टाकायच्या पेपरात मात्र तो पहिल्या पन्नासातल्या कित्येकांच्या पुढे. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या आयएमडी संस्थेच्या डिजिटल स्पर्धात्मकतेच्या यादीत जपान 63 देशांत 27वा होता. ही यादी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनाही प्रश्न विचारते, म्हणून बहुधा वास्तवाच्या थोडी जवळ. तरी पालिकेच्या टेबलापर्यंत तीही पोचत नाही. मी या याद्या टाकाऊ म्हणत नाही; कुठे वीज नाही, कुठे नेटवर्क नाही, हे त्या बरोबर सांगतात. पण दोन श्रीमंत देशांची तुलना करताना त्यांचा उपयोग कमी, कारण तिथे फरक तारांमध्ये नसतो, नोंदवह्यांमध्ये असतो. पहिल्या आलेल्या डेन्मार्ककडे ‘नेमकोंतो’ आहे: प्रत्येक प्रौढाने सरकारी पैशांसाठी एक खातं ठरवून आपल्या व्यक्तिक्रमांकाशी जोडून ठेवायचं, कायद्यानेच. जपानला मे 2020मध्ये हव्या होत्या त्या दोरीचं नाव तेच.

जपान त्यानंतर खडबडून जागा झाला. तेव्हाचे प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी सहीऐवजी मारायच्या शिक्क्यांविरुद्ध मोहीम काढली. शिक्का लागणाऱ्या जवळपास 15 हजार सरकारी प्रक्रियांपैकी 83 सोडून बाकी सगळ्यांमधून तो काढायचं ठरलं. 1 सप्टेंबर 2021 रोजी डिजिटल एजन्सी उभी राहिली. फ्लॉपी डिस्कच द्या, असं सांगणारे 1,034 नियम 2024पर्यंत रद्द झाले. सरकारी पैशांसाठी खातं नोंदवायचा कायदा 2021मध्ये झाला. कार्ड घेणाऱ्याला 20 हजार येनपर्यंतचे खरेदीचे पॉइंट देऊ केल्यावर कार्डंही सत्तर टक्क्यांच्या वर गेली. लोकांना पटवायला पाच वर्षं गेली, पॉइंटांनी ते काम दोन वर्षांत केलं; विश्वास बसला की नुसता सौदा झाला, कोण जाणे.

आणि मग 2023मध्ये कळलं की खातं नोंदवताना सुमारे 1 लाख 30 हजार जणांच्या क्रमांकाला दुसऱ्याच कुणाचं, बहुतेक आईवडिलांचं, खातं जोडलं गेलंय. मुलाचं खातं नाही म्हणून बापाने आपलं टाकलं, आणि यंत्राला ते अडवता आलं नाही. कारण तेच जुनं: सरकारकडे नावाचं चित्र, बँकेकडे नावाचा आवाज.

शेवटी कायदा बदलला. 26 मे 2025पासून कुटुंब-नोंदणीत नावाचा उच्चारही लिहायला सुरुवात झाली. त्यासाठी सरकारने घरोघरी पत्रं धाडली: तुमच्या नावाचा उच्चार आमच्या अंदाजाने असा आहे, चुकला असेल तर कळवा. ती पत्रं पोस्टाने आली.